परसबाग आणि अंगणातील कोंबड्या

ग्रामीण महाराष्ट्रात परसबाग आणि अंगणातील कोंबड्या ही दोन्ही बहुधा गृहिणीच्याच देखरेखीखाली असतात. सांडपाण्यावर वाढविलेली मेथी, वांगी, टोमॅटो आहारात भर घालतात. अंड्यांच्या विक्रीतून मीठ-मिरचीचा खर्च भागतो. अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांना यांपैकी एकही सोडणे परवडणारे नाही. तथापि, मोकाट सुटलेल्या चार कोंबड्या नुकताच पेरलेला वाफा पाहता पाहता उकरून टाकतात. वाफा शेजाऱ्याचा असल्यास तेच भांडणाचे निमित्त ठरते.

उकरणे हा कोंबडीचा उपजत स्वभाव आहे. किडे, गांडुळे, बी आणि पचनास आवश्यक असे बारीक खडे ती मातीतच शोधते. पिसांतील उवा झटकण्यासाठी धुळीत लोळते. म्हणून केवळ हुसकावून उपयोग होत नाही. वाफ्यांपासून दूर, सावलीत कोरडी माती व राख घातलेला उथळ खड्डा करून द्यावा आणि निवडलेल्या भाजीचा पाला तेथेच टाकावा.

देशी कोंबडी चपळ असल्याने तिच्यासाठी कुंपण ५ ते ६ फूट उंच असावे; गिरिराजसारखी वजनदार जात फारशी उंच उडत नाही. कुंपणाच्या माथ्यावर आडवा बांबू बांधू नये, कारण कोंबडी प्रथम त्यावर बसते व मग आत उतरते. पिले शिरू नयेत म्हणून तळाशी कामट्या दाट विणाव्यात. जाळीचा खर्च झेपत नसल्यास रोपे वीतभर होईपर्यंत वाफ्यावर बाभळीच्या काट्या पसराव्यात. मोठ्या रोपांच्या बुंध्याशी दगड रचावेत. एका पंखाची पिसे छाटल्यास उडणे थांबते. परंतु अशी कोंबडी मुंगूस वा कुत्र्यापासून बचाव करू शकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

वेळेचे नियोजनही उपयुक्त ठरते. दिवेलागणीपूर्वी तास-दीड तास सोडलेल्या कोंबड्या अंधार पडताच आपण होऊन खुराड्यात परततात. पीक निघाल्यावर त्यांना रिकाम्या वाफ्यात सोडल्यास अळ्या व तणांचे बी त्या वेचून खातात.

कोंबड्यांच्या विष्ठेत नत्र भरपूर असते. पण ती ताजी घातल्यास मुळे करपतात आणि पालेभाजीवर रोगजंतू येण्याचा धोका असतो. पालापाचोळ्यासह खड्ड्यात पूर्ण कुजवूनच ती वापरावी. एवढी व्यवस्था ठेवल्यास आज वाफा उकरणारी कोंबडीच उद्या त्याला खत पुरवील.