मिठाचे प्रमाण : रब्बी शापिरा यांची वॉर्सा येथील पाराशा-निरूपणे

मोशेच्या पाच ग्रंथांची म्हणजे तोरेची विभागणी ज्यू परंपरेत 54 भागांत केलेली आहे. अशा एका भागास ‘पाराशा’ म्हणतात. दर शब्बाथला सभास्थानात नेमलेल्या पाराशेचे वाचन होते, वर्षअखेरीस ग्रंथ संपतो आणि त्याच दिवशी पुन्हा आरंभापासून सुरू होतो. या वाचनाच्या निमित्ताने रब्बी जे निरूपण करतो ते ‘देराशा’. मराठी वाचकास येथे प्रवचनाची आठवण होणे स्वाभाविक आहे; पण एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. काल्याच्या कीर्तनासारखे अपवाद सोडले, तर कीर्तनकार प्रसंग पाहून अभंग निवडतो. देराशाकारास असे स्वातंत्र्य नसते. त्या आठवड्यात काहीही घडलेले असो, मूळ पाठ पंचांगाने ठरविलेला असतो, आणि वर्तमानाला त्या पाठापाशी आणून उभे करणे एवढेच निरूपणकाराच्या हाती उरते. हे बंधन वाङ्मयप्रकार म्हणून देराशेला काय देते, आणि ते कोठे अपुरे पडते, हे पाहण्यास कालोनिमस कालमान शापिरा (1889–1943) यांच्या निरूपणांइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

शापिरा हे वॉर्साजवळील प्यासेचनो येथील हसिदी परंपरेचे गुरू. वॉर्सात त्यांनी 1923 मध्ये धर्मपाठशाळा स्थापन केली. विद्यार्थ्यांच्या घडणीविषयीचा त्यांचा ग्रंथ 1932 मध्ये प्रसिद्ध झाला. सप्टेंबर 1939 मधील बाँबवर्षावात त्यांचा एकुलता एक मुलगा जखमी झाला. त्याला ठेवलेल्या रुग्णालयाबाहेर त्यांची सून मारली गेली, आणि 29 सप्टेंबरला मुलगाही गेला. त्यानंतर जुलै 1942 पर्यंत, आधी व्यापलेल्या शहरात आणि पुढे घेट्टोच्या भिंतींआड, शापिरा निरूपण करीत राहिले. ते यिद्दिशमध्ये बोलत. शब्बाथला लेखन निषिद्ध असल्यामुळे तो संपल्यावर स्मरणाने हिब्रूत लिहून काढीत.

मुलाच्या मृत्यूनंतर पाच आठवड्यांनी, 4 नोव्हेंबर 1939 रोजी, क्रमाने आलेली पाराशा साराच्या मृत्यूची होती. उत्पत्तीच्या ग्रंथात अब्राहाम इसहाकास बळी देण्यास निघाल्याची कथा येते आणि लगेच पुढे सारेचा मृत्यू येतो. पुत्राची वार्ता ऐकूनच ती गेली, असे मिद्राश सांगतो. शापिरा यांनी आधार घेतला तो रिमानोवच्या मेनाखेम मेंडेल यांच्या वचनाचा : तोरेत मिठाच्या संदर्भात ‘करार’ हा शब्द येतो, तसाच तो यातनांच्याही संदर्भात येतो; मीठ प्रमाणात असेल तरच अन्न रुचते, यातनाही सोसवतील इतक्याच असाव्यात. मोशेने या दोन कथा शेजारी ठेवल्या त्या याच कारणासाठी, असे शापिरा सुचवितात. इसहाक वाचला, तरी आई वाचली नाही. प्रमाणाबाहेरच्या दुःखाने माणूस घडत नाही, मोडतो. येथून ते आणखी एक पाऊल पुढे जातात. सारेने आपला मृत्यू जणू ईश्वरापुढे युक्तिवाद म्हणून ठेवला. असे करताना जी वर्षे तिने सोडून दिली, त्यांचा दोष तिला लागू नये, म्हणूनच त्या वचनात तिच्या आयुष्याच्या वर्षांचा उल्लेख पुन्हा केला आहे, असे ते म्हणतात. एका पुनरुक्तीवर उभारलेला हा अर्थ पारंपरिक टीकेच्या पद्धतीतच बसतो. निरूपणकाराने स्वतःच्या मुलाचे नाव घेतलेले नाही. श्रोत्यांना ते सांगण्याची गरजही नसावी. पाठ स्वतः निवडला असता, तर हेच बोलणे व्यक्तिगत विलाप ठरले असते. पाठ आपणहून समोर आला, म्हणून त्याला ईश्वराशी केलेल्या वादाचे रूप घेता आले. जर्मन सत्तेचा नामनिर्देशही या निरूपणांत आढळत नाही, हे याच संदर्भात लक्षणीय ठरते.

तथापि प्राचीन पाठात आजचे सर्व काही सापडते, हे या वाङ्मयप्रकाराचे गृहीतकच एके ठिकाणी कोसळते. डिसेंबर 1941 मधील हनुक्का सणाच्या निरूपणात शापिरा यांनी श्रद्धा डळमळलेल्यांना समजाविले होते की, अशा यातना मंदिराच्या विध्वंसाच्या वेळी आणि बेतारच्या पाडावाच्या वेळीही झाल्या होत्या. पुढे 22 जुलै ते 21 सप्टेंबर 1942 या दोन महिन्यांत घेट्टोतून सुमारे 2 लाख 65 हजार लोक त्रेब्लिंकास नेले गेले. 27 नोव्हेंबर 1942 रोजी शापिरा यांनी त्या निरूपणास टीप जोडली : वरील साम्य मागील उन्हाळ्यापर्यंतच्या यातनांपुरतेच खरे, त्यानंतर जे घडले त्याला इतिहासात तोड नाही. ज्याचे सारे कौशल्य साम्य शोधण्यात वेचले, त्यानेच येथे साम्य नाकारले आहे.

या टीपेमुळे संपूर्ण ग्रंथ श्रद्धेच्या क्रमिक ऱ्हासाची रोजनिशी म्हणून वाचण्याचा मोह होतो, आणि काही अभ्यासकांनी तसे वाचनही केले. डॅनिएल रायझर यांच्या 2017 च्या चिकित्सक आवृत्तीने मात्र त्यास सावधगिरीचा इशारा दिला आहे. हस्तलिखितात लेखकाने वेळोवेळी खाडाखोड केली, भर घातली. 1960 च्या पहिल्या मुद्रित आवृत्तीत हे थर एकमेकांत मिसळले गेले. म्हणून 1939 ची तारीख असलेले प्रत्येक वाक्य 1939 चेच असेल, असे धरता येत नाही. ज्ञानेश्वरीच्या पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या अभ्यासकास ही अडचण नवी वाटू नये; फरक इतकाच की, येथील सारे थर एकाच हाताचे आहेत.

1943 च्या आरंभी ही पाने इमानुएल रिंगेलब्लुम यांच्या ‘ओनेग शब्बात’ या गुप्त संग्रहाकडे सोपविण्यात आली आणि दुधाच्या धातूच्या बरणीत पुरली गेली. सोबतच्या पत्रात ती पॅलेस्टाइनमधील आपल्या बंधूकडे पाठवावीत, अशी विनंती होती. शापिरा नोव्हेंबर 1943 मध्ये मारले गेले. बंधू 1945 मध्ये वारले. बरणी सापडली ती डिसेंबर 1950 मध्ये, नोव्होलिप्की रस्त्यावरील ढिगाऱ्याखाली. हनुक्काच्या त्या निरूपणातील मूळ मजकूर शापिरा यांनी खोडलेला नव्हता. टीप त्याच्या खाली लिहिलेली होती.