कार्टून 'बिग बॉस': दुकानाच्या रीलसाठी

शिरूर-दौंडच्या बऱ्याच जणांनी विचारलं, 'बिग बॉस'ची नक्कल करणारी कार्टून रील चालेल का? चालेल की!

2004 साली अमेरिकेत 'ड्रॉन टुगेदर' मालिकेनं हेच केलं: आठ कार्टून पात्रं एका घरात कोंडली, वर कॅमेरे. (विनोद फार चावट, पोरांसमोर लावू नका.) खरी गंमत भांडणात नसते, पात्र एकटं बसून मनातलं बोलतं तिथे असते. म्हणून तुमची उधारीची वही कन्फेशन रूममध्ये बसवा: "मला बाहेर कोण काढणार? सगळ्यांची नावं माझ्याकडेच आहेत!"

'बिग बॉस'चा लोगो, संगीत उचलू नका. व्हिडिओ उडू शकतो. आणि पात्राला गिऱ्हाइकाची लकब देऊ नका. आपल्याकडे लगेच ओळखतात, मग ती उधारी बुडालीच समजा.