रातपाळीची झोप आणि सर्दीची गोळी

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या मार्गावरील शेंद्रा पूर्वी मांगीरबाबांच्या यात्रेमुळे परिचित होते. यात्रा आजही भरते. परंतु औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून येथील कामकरी कुटुंबांचा दिनक्रम कारखान्याच्या पाळ्यांशी बांधला गेला आहे. पाळी बदलते, त्याप्रमाणे शरीराचे घड्याळ मात्र बदलत नाही. रात्रभर काम करून परतलेल्या कामगारास पत्र्याच्या खोलीत, वैशाखाच्या उकाड्यात झोप लागणे कठीणच. या अपुऱ्या झोपेतून एका साध्या गोळीचा घरात शिरकाव कसा होतो, हे पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

सर्दीवरील अनेक मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामीन हे द्रव्य असते. ते नाकातील स्राव कमी करते. त्याचबरोबर मेंदूला जागे ठेवणाऱ्या हिस्टामीनच्या कार्यासही अटकाव करते. त्यामुळे गुंगी येते. सर्दीसाठी घेतलेल्या गोळीने झोप लागली, असा अनुभव एकदा आला की सर्दी नसतानाही ती घेतली जाते. गोळी स्वस्त असते, सहज मिळते, आणि घरातील कोणासही त्यात वावगे वाटत नाही. परंतु सलग वापरात झोप आणण्याचा तिचा गुण थोड्याच दिवसांत ओसरू लागतो. मग एकीच्या दोन होतात. अशा गोळीत बहुधा पॅरासिटामॉलही असते, हे घेणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. मात्रा वाढली की यकृतास धोका संभवतो, आणि मद्यपान करणाऱ्यास तो अधिक. वृद्धांमध्ये लघवी अडणे, भ्रम होणे, तोल जाऊन पडणे असे प्रकार घडतात. गुंगी जागेपणीही रेंगाळते. ज्याचे हात यंत्रावर आहेत किंवा ज्याला दुचाकीवरून महामार्ग गाठावयाचा आहे, त्याला ती किती महाग पडेल हे सांगावयास नको.

चोंदलेल्या नाकात घालावयाच्या थेंबांची कथा याहून चमत्कारिक आहे. झायलोमेटॅझोलीनचे थेंब आठवड्याहून अधिक काळ वापरल्यास नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते. रुग्ण समजतो, सर्दी बरी झाली नाही. वस्तुतः थेंबच सर्दी टिकवून ठेवीत असतात!

आपल्या देशात चिठ्ठीविना विकावयाच्या औषधांचा असा स्वतंत्र कायदेशीर वर्ग नाही. १९४५ च्या औषध नियमांतील ‘जी’ अनुसूचीत क्लोरफेनिरामीनसारखी द्रव्ये येतात व वैद्यकीय देखरेखीविना ती घेणे धोक्याचे आहे, असा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. तो बारीक अक्षरांत, बहुधा इंग्रजीत असतो. क्लोरफेनिरामीन व फेनिलेफ्रीन यांचे मिश्रण चार वर्षांखालील बालकांस देऊ नये, असा इशारा छापण्याचे निर्देश डिसेंबर २०२३ मध्ये देण्यात आले. अंगणवाडीत पालकांना एवढे एकच सांगितले तरी पुष्कळ काम होईल.

सर्दीच्या गोळीने भागेनासे झाले की अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम यांसारख्या झोपेच्या गोळ्यांकडे हात वळण्याचा धोका असतो. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधांबरोबर ही द्रव्ये २०१३ साली ‘एच-१’ अनुसूचीत घालण्यात आली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. विक्रेत्यास रुग्णाच्या व डॉक्टरांच्या नावाची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. तरीही शहरात ‘बटन’ या नावाने अशा गोळ्यांचा चोरटा व्यापार झाल्याचे पोलिस कारवाईतून उघड झाले आहे. नियमांपेक्षा उणीव त्यांच्या पालनात अधिक आहे, असे म्हणावे लागते.

सवय सोडविताना घाई घातक ठरू शकते. अल्प्राझोलामसारखी गोळी दीर्घकाळ घेणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास झटके येण्याचा संभव असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी लागते. केवळ सर्दीची गोळी सोडणाऱ्यास काही रात्री झोप कमी लागेल, एवढ्यावर बहुधा भागते. दिवसा झोपणाऱ्याने खिडकीस जाड पडदा लावावा आणि पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळावा. वस्तीतील ध्वनिक्षेपक भर दुपारी बंद ठेवणे मात्र पंचायतीच्याच हाती आहे. गोळ्या घेणाऱ्यास दरडावल्यास तो लपवू लागतो. त्यास घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहून ठेवता येईल.