टॉवरखालची मांजरं

अगं, चाळ पाडून टॉवर झाला, माणसं विसाव्या मजल्यावर गेली. मांजरं खालीच राहिली. गिरगावातलं मांजर कुणा एकाचं नसतंच. सकाळी कोळणीच्या पाटीपाशी, दुपारी शिंप्याच्या दुकानात, रात्री कुणाच्याही पायपुसण्यावर. तू आता त्यांना खाऊ घालणार म्हणतेस, तर ऐक.

आधी माणसं सांभाळ. वेळ ठरलेली, कोपरा ठरलेला. जिन्यात नाही, कुणाच्या दारासमोर तर नाहीच. खाऊन झालं की ताटली उचलायची, जागा पुसायची. वॉचमनशी गोडीत राहा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तावातावाने भांडलीस तर त्याचा राग मांजरांवर निघतो. ज्यांना ती आवडत नाहीत त्यांच्या नाकाला वास गेला नाही, की निम्मं काम झालं.

दूध नको. मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही, मग घाण होते आणि शिव्या तुला बसतात. पाणी मात्र कायम ठेव. मांदेली मिठाशिवाय उकड, काटे काढ, भातात कुस्कर. कालवणातला मासा नको, कांदा-लसूण त्यांना बाधतो. आणि ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉल कधीही देऊ नकोस, अर्ध्या गोळीनेही मांजर दगावतं.

एकटं पिल्लू दिसलं की लगेच उचलू नकोस. भाटी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. ती जवळपास असते, लांबून काही तास वाट बघ. पावसाळ्यात मांजरं बॉनेटखाली शिरतात, तेव्हा गाडी सुरू करण्याआधी वर दोन थापा मारायच्या.

बोचकारलं तर हळद चेपत बसायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा.

राहिलं नसबंदीचं ऑपरेशन. ते करणार नसशील तर खाऊ घालूच नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. भाटी 5-6 महिन्यांचीच गाभण राहते, 9 आठवड्यांत विते, आणि मग सगळी सोसायटी तुझ्या दारात. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात विचारून बघ. कानाचं टोक कापलेलं दिसलं तर समज, तिचं झालंय. बरी झाली की जिथून उचलली त्याच कोपऱ्यात आणून सोडायची. परक्या गल्लीत सोडलेलं मांजर घरची वाट शोधत गाड्यांखाली जातं.