कूलरच्या गावात ओपन किचन

यवतमाळात ओपन किचन करूच नये, असं माझं म्हणणं नाही. पण आखणाऱ्याला इथला उन्हाळा आणि इथलं पाणी ठाऊक हवं. शोरूमचा माणूस हिवाळ्यात माप घ्यायला आला, तेव्हाच मी विचारलं होतं, "हॉलमध्ये कूलर लागतो, त्याचं काय?" टॅबवरची रंगीत चित्रं सरकवत तो म्हणाला, "होऊन जाते ना ताई, टेन्शन नका घेऊ." टेन्शन त्याला नव्हतंच, निम्मे पैसे आधीच घेतले होते.

मार्चअखेर कूलर सुरू झाला. मधे भिंत नाही, म्हणजे ओली हवा थेट ओट्यावर. शेगडीची ज्योत आडवी व्हायची, आणि चिमणीने ओढायच्या आधीच मिरचीचा ठसका सोफ्यावर जाऊन बसायचा. कूलर बंद करून 44 अंशांत पोळ्या लाटून पाहा म्हणजे कळेल.

पाण्याचंही तेच. निळोणा आणि चापडोह ही धरणं तळाला गेली तो 2018 चा उन्हाळा पाहिलेल्या घरात ड्रम असतोच. दोनशे लिटरचा ड्रम साधारण 23 इंच रुंद, आणि ओट्याखालचा बॉक्स 22 इंच खोल. हे मी मापाच्या दिवशीच बोलले होते. ड्रमच्या जागी बाटल्यांचा पुलआउट आला. आमच्याकडे तेलाचा पिपा असतो, बाटल्या कशाच्या?

तरी हे सगळं सोसलं असतं. पण पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचं दार लोंबलं. शोरूमकडून कुणी फिरकेना, म्हणून आमच्याच भागातल्या सुताराला बोलावलं. त्याने बिजागरीचा स्क्रू पिळला, तो गोलगोल फिरतच राहिला. मग बोटाने नुसता ओढला तर हातात आला, आणि भोकातून पिवळट भुसा खाली सांडला. कडेची पट्टी सुटली होती, तळाची फळी फुगून वर आली होती. त्याने चिमूटभर भुसा माझ्या तळहातावर ठेवला. "ताई, हे प्लाय नाही. हा तं भुसा हाय." सागवानाच्या जिल्ह्यात प्लायचे पैसे मोजून मी भुसा घेतला होता.

फोन केला तर सूर बदललेला. "मॅडम, कोटेशनवर इंजिनिअर्ड वुड लिहिलंय, ते लाकूडच असते." तोवर मी ताई होते. पुढे म्हणे, ओल तुमच्या घरात आहे, आमची वॉरंटी फक्त बिजागरीला. शोरूममध्ये हाच माणूस प्लायच्या तुकड्यावर टकटक करून दाखवत होता, शेजारी माझी नणंद साक्षीला होती.

म्हणून सांगते. कोटेशनवर बॉक्स, दार आणि मागची फळी, तिन्हींचं साहित्य वेगवेगळं लिहून घ्या. सिंकखाली आयएस 710 चा प्लाय मागा. त्याच्या कसोटीत तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात. साध्या एमआर प्लायला ते झेपत नाही, भुशाच्या बोर्डाचं तर नावच नको. प्लायवर आयएसआयचा शिक्का आणि लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. माल घरी उतरला की छिद्र पाडलेली कड उघडी पाहा, एकदा पट्टी चिकटली की सगळं सारखंच दिसतं. जमलं तर कापलेला तुकडा रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. कूलर ओट्याच्या समोर येणार असेल, तर मधे सरकतं काचेचं दार तरी घ्या. ड्रमची जागा खडूने फरशीवर आखून त्याचा फोटो काढा. बजेट आधी ठरवा, घाई करू नका, हे तर कुणीही सांगेल. शेवटचा हप्ता मात्र एक पावसाळा जाईपर्यंत धरून ठेवायला मिळाला तर बघा. ते मानणार नाहीत, पण मागितल्यावर तोंड कसं होतं त्यावरून माणूस कळतो.

बिल जीएसटीचंच घ्या. "बिलाशिवाय स्वस्त पडेल" म्हणणाऱ्याला दारातूनच पाठवा, कारण पुढे कागदच लागतात. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. माझे कागद तयार आहेत. परवा त्याच शोरूमचा दिवाळी ऑफरचा मेसेज आला, त्याचाही स्क्रीनशॉट फाइलला लावलाय. त्यात वर लिहिलंय, शंभर टक्के प्लायवूड.