नावेत उभे का राहू नये?

सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. अशा रुंद पात्रात नावेत चढताना नावाडी बजावतो, "मधे बसा, उभे राहू नका!" यामागे पदार्थविज्ञान आहे.

भरलेल्या नावेचे वजन गुरुत्वमध्यातून खाली, तर पाण्याचे उत्प्लावक बल बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर कार्य करते. नाव कलली की कललेली बाजू अधिक बुडते व उत्प्लावक बल त्या बाजूस सरकते. गुरुत्वमध्य खाली असेल, तर या दोन बलांचे युग्म नावेला पुन्हा सरळ करते. माणसे उभी राहिली की गुरुत्वमध्य वर जातो. नाव कलताच तो उत्प्लावक बलाच्या रेषेपलीकडे गेला, तर तेच युग्म नाव उलटवते!

मासेमारीच्या लहान नावेला मागे यंत्र बसवले की मागचा भाग दबतो. म्हणून जाळी व मासळी थोडी पुढे, पण तळाशीच ठेवावी. तळात साचलेले पाणी कललेल्या बाजूकडेच धावते. ते उपसत राहावे.

घरी करून पाहा. साबणाच्या रिकाम्या डबीत ओली माती पसरा, डबी पाण्यात सोडून किंचित कलवा. मग त्याच मातीचा उंच खांब करून पुन्हा कलवा. नावाडी खरा ठरतो का?