पाण्याला विचारून काढलेली वाट

माझ्या उजव्या खांद्याजवळ, कॉलरबोनवर बोट फिरवलं की एक टेंगूळ लागतं. हाड जुळलंय, पण जरा वाकडंच. ते का मोडलं, असं कुणी विचारलं की मी सायकलीवरून पडलो एवढंच सांगायचो. खरं सांगायचं तर मी आमच्याच हातांनी खणलेल्या वाटेवर पडलो.

नारायणगड म्हणजे बीडकरांची धाकटी पंढरी. नगद नारायण महाराजांचं हे स्थान. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही, ते इथं येतात. भोवती बालाघाटाचे बुटके, सपाट माथ्याचे डोंगर. वर काळा खडक, त्याखाली मुरूम आणि खाली उतरलं की काळी माती. आम्ही पाच-सहा जण रविवारी पहाटे बीडहून सायकली हाणत यायचो, गडावर दर्शन घ्यायचो आणि परतताना शिवारातल्या शेळ्यांच्या वाटांवर सायकल घालायचो. तिथूनच डोक्यात आलं की माळाच्या उतारावर एक नीट वाट काढू, म्हणजे गावातल्या पोरांनाही खेळता येईल.

टिकाव, फावडी, घमेली गोळा केली. चार रविवार घाम गाळला. माळाच्या माथ्यावरून पायथ्यापर्यंत सरळ, नाकासमोर, दीड-दोन हात रुंदीची पट्टी साफ केली. सरळ कशासाठी? वेगासाठी. मे महिन्यात नारळ फोडला, पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले. मेंढरं घेऊन चाललेले एक आजोबा काठीवर हनुवटी टेकवून बघत होते. म्हणाले, "लेकरांहो, सायकलीची वाट कुठं केलीत? ही तर पाण्याची केलीत." आम्ही हसलो. मी तर जरा जास्तच हसलो.

मिरगाचे दोन पाऊस झाले आणि त्यानंतरच्या रविवारी मी सगळ्यात आधी माथ्यावर. आधी पायी उतरून बघावं, हे सुचलंही नाही. वाट पाठ होती ना! थोडं खाली उतरलो तोच डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक मावशी समोरून आली. भाऱ्यामुळे तिला मी दिसलो नाही आणि वेगामुळे मला ती दिसली नाही. दिसली तेव्हा आमच्यात जेमतेम सायकलभर अंतर होतं. मी हँडल वळवलं, ती बाजूला कलली, भारा पडला. तिथंच थांबून माफी मागायला हवी होती. मी हात वर केला आणि तसाच पुढं गेलो. पन्नास पावलांवर पावसानं वाटेच्या मधोमध गुडघाभर ओघळ पाडला होता. पुढचं चाक त्यात गेलं, मी हँडलवरून पलीकडं. हेल्मेटला कानावर तडा गेला. डोकं शाबूत राहिलं ते त्यामुळंच. हाड जुळायला दीड महिना लागला. ती मावशी मात्र अजून स्वप्नात येते.

हात गळ्यात असताना वाचायला वेळ मिळाला. डोंगरातल्या सायकलवाटांवर काम करणारी 'इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन' १९८८ पासून आहे. तिचा एक साधा नियम वाचला आणि आजोबांचं बोलणं उमगलं. वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. जास्त झाला की पाणी वाट ओलांडून पलीकडं जात नाही, वाटेवरूनच धावतं. आपले माळ इथंच फसवतात. माळाचा उतार शंभर फुटांना सोळा फूट असेल, तर वाटेचा आठाच्या आत हवा. माळ सौम्य दिसतो म्हणून आम्ही वाट सरळ खाली सोडली; प्रत्यक्षात माळ जितका सौम्य, तितका वाटेचा उतारही कमी ठेवावा लागतो. सरासरी शंभराला दहाच्या वर जाऊच नये, वाटेची बाहेरची कड किंचित खाली झुकवावी आणि ठरावीक अंतरावर वाट थोडी खाली उतरवून पुन्हा वर चढवावी, म्हणजे त्या खोलगटातून पाणी बाहेर पडतं.

हा उतार मोजायला महागडं यंत्र लागत नाही. २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत झाली, त्यात आपल्या जिल्ह्यातलं अंबाजोगाई होतं. समतल चर आखायला दोन काठ्यांना पाण्याची नळी बांधतात, ते तेव्हा अनेकांनी हाताळलं. गवंडीही तेच वापरतो. दोन काठ्या दहा फुटांवर धरा. काठ्यांवरच्या पाण्याच्या उंचीत फुटाहून जास्त फरक आला तर तिथं वाट फारच उभी आहे. आमची नवी वाट अशीच आखली. आखायला आजोबांनाच बोलावलं. ते हसले नाहीत, एवढा त्यांचा मोठेपणा.

टिकाव उचलण्याआधी सातबारा बघा. जमीन गायरान असेल तर ग्रामपंचायतीला विचारा, ग्रामसभेत विषय मांडा. वन विभागाची असेल तर त्यांच्या लेखी परवानगीशिवाय एक दगडही हलवू नका. खासगी असेल तर मालकाकडं चहाला जा आणि पीक कोणत्या महिन्यात कुठवर असतं ते विचारून घ्या. देवस्थानची असेल तर गडावर जाऊन बोला. आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं. सगळे ओळखीचेच आहेत, असं म्हणून निभावून नेलं.

परदेशी पुस्तकांत न सापडणारे धोके आपल्या शिवारात आहेत. कठडा नसलेली विहीर हा पहिला. वाट विहिरीपासून लांब न्या. जमत नसेल तर वाटच रद्द करा. दुसरा कुंपणाचा. रानडुकरांसाठी झटका मशीनच्या तारा असतात, आणि काही ठिकाणी तर बेकायदा थेट करंट सोडलेला असतो. अंधारात अनोळखी शिवारात सायकल घालूच नका. तिसरा, मेंढपाळांची कुत्री. लांबून घंटी वाजवा, उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरून चाला. पळालात की तेही पळतं. वेड्या बाभळीच्या काट्यांबद्दल काय सांगावं! टायरमध्ये सीलंट घाला, तरी जास्तीची ट्यूब आणि पंप सोबत ठेवाच.

आता सायकल चालवण्याचं. उताराला सीट खाली घ्या, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून उभे राहा, कोपर सैल, वजन जरा मागं. मुरमावर पुढचा ब्रेक करकचून दाबला की चाक निसटतं. दोन्ही ब्रेक एकेका बोटानं, आधीपासून, हळूहळू दाबा. नजर जिथं जायचं तिथं हवी. दगडाकडं बघत राहिलात तर चाक दगडावरच जातं. ब्रेकची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. कॅलिफोर्नियात १९७६ मध्ये जुन्या सायकलींवर डोंगरउताराची एक शर्यत सुरू झाली, तिचं नाव 'रीपॅक'. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्यानं भरावं लागायचं. आपल्याकडं उलटा त्रास. पावसात काळी माती चाक आणि फोर्कच्या मधे अशी बसते की सायकल ढकलताही येत नाही. अशा दिवशी घरी बसा. ओल्या वाटेवर पडलेला चाकाचा चर पुढच्या पावसाला ओघळ होतो.

एकटं जाऊ नका. मोबाइलला रेंज कुठं मिळते ते आधी बघून ठेवा, १०८ ला जागा कशी सांगायची ते ठरवून ठेवा. पडलेला माणूस मान दुखतेय म्हणाला, तर त्याला उचलून बसवायची घाई नको. हात मोडला असेल तर उपरण्याची झोळी पुरते. माझ्या गळ्यात एका वारकऱ्याचं होतं. तडा गेलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका, ते एकाच माराचं धनी असतं.

पायी चालणारा, मेंढरं आणि डोक्यावर भारा असलेलं माणूस, यांच्यापुढं सायकलवाल्यानं थांबायचं. एकादशीला आणि गडावर मेळावा असेल त्या दिवशी आम्ही सायकली आणतच नाही. २०२४ च्या दसऱ्याच्या मेळाव्याला इथं किती गर्दी लोटली होती ते सगळ्यांना आठवत असेल.

जुनी सरळ पट्टी आम्ही बाभळीच्या फांद्या टाकून बंद केली, ओघळात आडवे दगड रचले. यंदा तिथं कुसळी उगवलीय. नव्या वाटेनं सायकलींपेक्षा मेंढरंच जास्त जातात. पहिला पाऊस झाला की मी नळी आणि काठ्या घेऊन आजोबांसोबत पायी उतरतो. मागच्या खेपेला तिसऱ्या वळणाशी त्यांनी काठी टेकवली आणि म्हणाले, "इथं पाणी थांबतंय बघ." मी फावडं आणायला परत वर गेलो.